ख्रिस्ती लोक म्हणतात की दिसण्यावरून माणूस जोखू नका. पण स्वतः पाळतात का? आणि अनोळखी माणसावर किती भरवसा ठेवावा?

नाही पाळत. निदान मी तरी पाळलं नव्हतं, आणि तेही नेमकं नाताळच्या दिवशी. म्हणून तुमचा प्रश्न दिसला तेव्हा हातातलं ताट बाजूला ठेवून टाइप करायला बसलोय.

वचनं कोणती, कुठे लिहिलीयत, ते तुम्हाला कुठेही मिळेल. मी एक प्रसंग सांगतो.

आम्ही इंदूरचे. म्हणजे मूळचे नगरकडचे, आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इकडे आले आणि मग इकडचेच झाले. चर्चमधली उपासना हिंदीत, घरातली प्रार्थना मराठीत आणि भांडणं दोन्हीत. 2011 चा नाताळ रविवारी आला होता. मी 27 वर्षांचा, नोव्हेंबरात साखरपुडा झालेला, क्लॉथ मार्केटमधून कापड घेऊन शिवलेला नवाकोरा सूट, बोटात नवी अंगठी. माझी ड्युटी चर्चच्या दारावर लागली होती. होणारे मेहुणे तेव्हा कमिटीवर होते, सकाळीच मला बाजूला घेऊन म्हणाले, मागच्या नाताळला गर्दीत दोन पर्स गेल्या, तेव्हा जरा बघून आत सोड. आता बघून म्हणजे काय बघून, हे मी विचारलं नाही. होणाऱ्या मेहुण्याला कोण विचारतं.

तर पहिलं गीत सुरू झालं आणि एक माणूस पायऱ्या चढून आला. पन्नाशीचा असेल. अंगात बायकांचा गुलाबी स्वेटर, बटणं उलट्या बाजूला, पायातल्या चपलेचा पट्टा तारेने बांधलेला, आणि जवळ आला तसा वास आला. दारूचा. सकाळचे नऊ वाजलेले. मला म्हणाला, "अंदर बैठ सकते क्या भिया?"

मी म्हटलं, अंदर जगह नहीं है, आप इधर बैठ जाओ. आणि व्हरांड्यातल्या सिमेंटच्या बाकाकडे हात केला. तोच हात, अंगठीचा.

आत जागा होती. तिसऱ्या रांगेत चांगली चार माणसं बसतील एवढी होती, मला जिथे उभा होतो तिथून दिसत होती.

तो काही बोलला नाही, जाऊन बसला. आणि हे मला तेव्हा दिसलंच नाही, नंतर रात्री आठवलं, की त्याचे केस पाणी लावून नीट विंचरलेले होते, मधोमध भांग पाडलेला. म्हणजे कुठल्यातरी नळाखाली डोकं धरून, तयार होऊन आला होता बिचारा. माझ्या सुटापेक्षा त्याच्या भांगाला जास्त मेहनत पडली असेल.

आता आत्याबाई. आमच्या कोणी नात्यातल्या नव्हत्या, मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, सगळी मंडळी त्यांना आत्याबाईच म्हणायची. एकदम कडक बाई. पोरींच्या जीन्सवरून बोलायच्या, पोरांच्या केसांवरून बोलायच्या, तेव्हा त्या स्वतः कोणाला जोखत नव्हत्या अशातला भाग नाही. संडे स्कूलमध्ये त्यांनीच आम्हाला शिकवलं. आणि 1994 साली पाठांतराच्या स्पर्धेत मी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय घडाघडा म्हणून पहिला आलो होतो, हिंदीत, एकही चूक नाही, बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला होता, झाकणावर नाव कोरलेला. आता तो अध्याय काय आहे ते ऐका. तुमच्या सभेत सोन्याची अंगठी आणि भारी कपडे घातलेला एक माणूस आला आणि मळक्या कपड्यांतला एक गरीबही आला, आणि तुम्ही भारी कपडेवाल्याला म्हणालात की इथे चांगल्या जागी बसा आणि गरिबाला म्हणालात की तू तिकडे उभा राहा नाहीतर इथे माझ्या पायापाशी बस, तर तुम्ही भेदभाव केलात की नाही?

बक्षीस याच अध्यायाचं.

आत्याबाई मागच्या रांगेत बसायच्या, दाराजवळ, गुडघ्यांमुळे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दुसरं गीत सुरू व्हायच्या आत उठल्या, शाल सावरली, गीतांचं पुस्तक घेतलं आणि बाहेर जाऊन त्या माणसाशेजारी बाकावर बसल्या. डिसेंबरची सकाळ, सिमेंटचा बाक, वय सत्तरच्या वर. पूर्ण उपासना तिथेच बसून केली. जाताना मला मराठीत, हळूच, एवढंच म्हणाल्या, "डबा परत कर."

आणि तो माणूस? प्रवचनात झोपला. घोरत होता, आतपर्यंत ऐकू येत होतं, पाद्रीसाहेब एकदा मधेच थांबले. उपासना संपल्यावर उठला, विचारलं खतम हो गया क्या, केकचे तीन तुकडे खाल्ले, चहा घेतला आणि गेला. पुन्हा कधी दिसला नाही.

आता मुद्दा. व्हॉट्सॲपवर दर नाताळला एक गोष्ट फिरते ती तुम्हीही वाचली असेल, नवा पाद्री भिकाऱ्याच्या वेषात आपल्याच चर्चमध्ये येतो, कोणी विचारत नाही, मागे बसवतात, आणि मग त्यालाच स्टेजवर बोलावतात आणि सगळे माना खाली घालतात. ती गोष्ट खरी असल्याचा काही पुरावा नाही, पण ते सोडा. मला ती गोष्टच पटत नाही. का, तर त्यात भिकारी शेवटी पाद्री निघतो! म्हणजे शिकायचं काय, तर जपून वागा, समोरचा कोणी मोठा असू शकतो? हा तर आणखी हिशोब झाला. परक्यांचा पाहुणचार करा, कारण काहींनी असं करताना नकळत देवदूतांनाच घरात घेतलं, हे इब्री लोकांस पत्राच्या 13 व्या अध्यायातलं वचनही लोक असंच लॉटरीच्या तिकिटासारखं वापरतात. माझा माणूस कोणीच निघाला नाही. जसा दिसत होता तसाच होता, खरंच प्यायलेला होता. माझा अंदाज शंभर टक्के बरोबर होता आणि तरी मी चुकलो होतो. हे कळायला मला काही वर्षं लागली.

मेहुण्यांना अजून कळलेलं नाही. गेली कितीतरी वर्षं हा वाद आमच्यात नाताळच्या फराळाबरोबर होतोच. ते म्हणतात, तू बरोबरच केलंस, प्यायलेला होता की नाही? आणि त्या वर्षी काही चोरीला गेलं का? नाही ना? मग! आणि वर बायबलमधला मत्तय 22 काढतात. राजाच्या मुलाच्या लग्नात एक जण लग्नाचा पोशाख न घालता आला तर राजाने त्याला बाहेर अंधारात टाकलं, तेव्हा देवाच्या घरी कसं यावं याला काही रीत आहे. मेहुणे, तुम्ही हे वाचणार आहात, तुमची मुलगी तुम्हाला लिंक पाठवणारच, तर एकदा लिहूनच टाकतो. तोच उतारा चार ओळी आधीपासून वाचा. राजा नोकरांना म्हणतो, नाक्यानाक्यावर जा आणि जो भेटेल त्याला बोलवा, आणि नोकर बरे-वाईट सगळे गोळा करून आणतात. कपडे बघायला राजा स्वतः आला, आत, सगळे बसल्यावर. दारावरच्या नोकराला ते काम दिलेलंच नव्हतं. मी नोकर होतो.

आणि आणखी एक. इंदूरजवळ उदयनगर भागात गरिबांमध्ये काम करणाऱ्या सिस्टर रानी मारिया, 25 फेब्रुवारी 1995 ला बसप्रवासात त्यांचा खून झाला, आणि ज्याने तो केला त्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, 2002 मध्ये तुरुंगात जाऊन राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला रानी मारियांना इथेच इंदूरात धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं तेव्हा, आम्ही कॅथलिक नसूनही, मेहुणे आणि मी दोघं गेलो होतो. मेहुणे डोळे पुसत होते. मी स्वतः पाहिलंय. खुन्याला राखी बांधणाऱ्या बाईसाठी डोळ्यात पाणी आणि सकाळी नऊला दारू प्यायलेल्याला सिमेंटचा बाक, हे गणित मला समजावून सांगा.

असो, तुमचा दुसरा प्रश्न राहिला, भरवसा. येशूने डोळे मिटून भरवसा ठेवा असं कुठेही सांगितलेलं नाही. उलट मेंढरांच्या वेषातल्या लांडग्यांपासून सांभाळा असं सांगितलंय, सापासारखे चतुर राहा असंही. योहान 7 मध्ये तर न्यायच करू नका असंही म्हणत नाहीत, तोंड पाहून करू नका, नीट करा, असं म्हणतात. तेव्हा दारातून आत घेणं वेगळं आणि घराची किल्ली हातात देणं वेगळं. लहान मुलं असतील तिथे लक्ष ठेवा, दानाच्या थैलीवर ठेवा, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका, तो तर दिसतही नाही. माझं म्हणणं फक्त बाकापुरतं आहे.

आणि हो, याचं उलटंही होतं. मंडळीत कोणी सेंट मारून, चांगली गाडी घेऊन आला की आमच्यातलेच काही म्हणतात, दिखाऊ आहे. तेही जोखणंच झालं की. बायबलमध्ये नवा राजा निवडायला गेलेला संदेष्टा शमुवेल उंचापुऱ्या अलियाबाला बघून भुलला, मग परमेश्वर म्हणाला मी हृदय बघतो, हे सगळ्यांना पाठ असतं, पण पाचच वचनं पुढे जो दावीद येतो तो चांगला देखणा होता असंही लिहिलंय, ते कोणी सांगत नाही.

अनोळखी माणसांवरून टिळकांची गोष्ट सांगायची राहिली. कवी नारायण वामन टिळक 1893 मध्ये आगगाडीने राजनांदगावला निघाले होते, डब्यात एक अनोळखी साहेब भेटला, गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात दिला, आणि 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. माझ्या आजोबांची ही आवडती गोष्ट, नगरकडची माणसं टिळकांचं सांगताना थकत नाहीत.

डब्याचं विचाराल तर पुढच्याच रविवारी मी तो खरंच परत नेऊन दिला. रिकामा. आत्याबाईंनी घेतला, आत नेला आणि करंज्या भरून परत माझ्या हातात दिला, डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणाल्या. माफ केलं वगैरे काही नाही. करंज्या कडक होत्या. 2016 ला त्या गेल्या, आणि तो डबा आता आमच्याकडे शेवेचा आहे. परवा सकाळी मेहुणे पोह्यांना आले होते (आमच्याकडे पोह्यांवर शेव आणि जीरावन नावाचा मसाला घालतात), मी डबा पुढे केला, त्यांनी झाकण उघडून टेबलावर ठेवलं, नाव वरच्या बाजूला, वाचलं, आणि म्हणाले, "जीरावन कुठंय?"