जेआर-वनला (पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला): नाइट, रजा आणि डोकं

नाइट ड्यूटी संपताना हँडओव्हर, म्हणजे पुढच्या डॉक्टरकडे पेशंट सोपवणं, तोंडी उरकू नकोस. वहीत आधी सिरियस पेशंट, मग यायचे राहिलेले रिपोर्ट. अर्धवट हँडओव्हरमुळेच खोलीवर फोन वाजत राहतो आणि झोपेचं खोबरं होतं. गाडी काढण्याआधी २० मिनिटं डोळा लाव. झोपेची गोळी मात्र वॉर्डच्या ट्रॉलीतून उचलायची नाही.

२०२३च्या पीजी (पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण) नियमांत वर्षाला किमान २० पगारी किरकोळ रजा आहेत. अर्ज लेखीच दे. तोंडी रजा राउंडमध्ये विरते.

दोन आठवडे झोप उडाली, पेशंटवर खेकसणं वाढलं, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठ. आपल्याच ओपीडीत संकोच वाटला तर बाहेरचा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क तुलाही आहे. मरणाचे विचार आले तर त्याच दिवशी कुणाला तरी सांग. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास.