वाचकांचे प्रश्न : युरोरॅकचा वीजपुरवठा

प्रश्न : माझ्या युरोरॅक (सुटी मॉड्यूल जोडून बनवलेल्या) सिंथेसायझरचा पुरवठा +१२ व्होल्टला १ अँपिअरचा आहे. सगळी मॉड्यूल मिळून ७२० मिलिअँपिअर घेतात. सगळं ६० सेंटीमीटरच्या एकाच रिबन केबलवर आहे. ऑसिलेटर (सूर निर्माण करणारं मॉड्यूल) पुरवठ्याजवळ, सिक्वेन्सर (सुरांचा क्रम वाजवणारं) आणि दोन डिजिटल मॉड्यूल शेवटच्या टोकाला. सिक्वेन्सरचे दिवे लागले की ऑसिलेटर बेसूर होतो. मोठा पुरवठा घेऊ का?

उत्तर : घेऊ नका, पैसे वाया जातील. वीस-पंचवीस टक्के प्रवाह राखीव असावा, तो तुमच्याकडे आहे. अडचण ग्राउंडच्या वाटेत आहे.

अ‍ॅनालॉग ऑसिलेटर +१२ आणि −१२ या दोन्ही रेलमधून (पुरवठ्याच्या वाहिन्यांमधून) बराचसा सारखा प्रवाह घेतो, म्हणून ग्राउंडमधून थोडाच परततो. डिजिटल मॉड्यूल मात्र जवळजवळ सगळा प्रवाह +१२ मधून ओढतं आणि तो तेवढाच ग्राउंडमधून परत येतो. रिबनच्या बारीक तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२ ओहम. ६० सेंटीमीटरला ०.१२, आणि ग्राउंडच्या सहा तारा समांतर, म्हणजे ०.०२ ओहम. त्यातून ४०० मिलिअँपिअर गेले की ८ मिलिव्होल्ट पडतात. सिक्वेन्सरचं ग्राउंड तेवढं वर उचललं जातं आणि ऑसिलेटरचा सूर ठरवणारा त्याचा कंट्रोल व्होल्टेजही. एका सप्तकाला १ व्होल्ट, म्हणजे एक सेंट (सप्तकाचा बाराशेवा भाग) ०.८३ मिलिव्होल्टचा. सूर जवळजवळ दहा सेंट चढला! तानपुऱ्याशी ताडून पाहा, कानाला लगेच खटकेल. पॅच कॉर्डच्या (मॉड्यूल एकमेकांना जोडणाऱ्या तारेच्या) ग्राउंडमुळे हा आकडा काहीसा कमी होतो, पण जात नाही. चढ स्थिर असता तर ट्यूनिंग करतानाच जिरला असता. दिवे लागतात-विझतात म्हणून सूर हलतो.

खात्री करा : मल्टिमीटर २०० मिलिव्होल्ट डीसीवर ठेवा. काळी प्रोब पुरवठ्याच्या ग्राउंड टर्मिनलला लावा. सिक्वेन्सरच्या जॅकमध्ये पॅच कॉर्ड घाला आणि तिच्या मोकळ्या टोकाच्या स्लीव्हला (प्लगच्या ग्राउंडच्या भागाला) लाल प्रोब लावा. आकडा दिव्यांबरोबर नाचला, तर निदान पक्कं. डिजिटल मॉड्यूलना थेट पुरवठ्यापासून वेगळी, आखूड केबल द्या. बसबोर्ड (अनेक मॉड्यूलना वीज वाटणारा बोर्ड) वापरत असाल तर पुरवठ्यापासून तिथवर ग्राउंडची तार १ चौरस मिलिमीटरची तरी हवी.

प्रश्न : केबल उलटी लागली तर मॉड्यूल जळतंच का?

उत्तर : दहा पिनांची केबल उलटली की +१२ आणि −१२ ची अदलाबदल होते. संरक्षक डायोड नसेल तर ऑप-अँप आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जातात. सोळा पिनांची उलटली की पुरवठ्याचा +१२ थेट मॉड्यूलच्या ग्राउंड पिनांवर येतो, म्हणजे शॉर्ट. पुरवठ्याला करंट लिमिट नसेल तर केबल किंवा बोर्डावरचा ट्रॅक जळू शकतो. लाल पट्टी −१२ च्या बाजूला, ही डोप्फर कंपनीच्या ए-१०० या युरोरॅक मालिकेपासूनची रीत. पण पट्टीवर आंधळा विश्वास नको. केबलचा कनेक्टरच उलटा दाबलेला असू शकतो, म्हणून नव्या केबलची पिन १ ते पिन १ अशी कंटिन्युइटी (जोड सलग आहे का) आधी तपासा. वीज बंद करून, दिवे पूर्ण विझल्यावरच मॉड्यूल लावा-काढा.

स्वतः बोर्ड बनवत असाल तर खाच असलेला बॉक्स हेडर (केबल उलटी बसू न देणारा कनेक्टर) लावा आणि दोन्ही रेलमध्ये एकेक १एन५८१७ डायोड मालिकेत घाला, साधारण ०.३ व्होल्ट कमी मिळतो, तेवढा बहुतेक सर्किटना चालतो.