दुर्बिणीची ऑपरेशन्स सुरू करतेयस तर

चिपळुणात दुर्बिणीने गर्भाशय काढायला लागशील, तेव्हा एक पक्कं लक्षात ठेव. इजा झाली म्हणजे निष्काळजीपणा ठरतोच असं नाही. ती वेळेत न ओळखणं जास्त महागात पडतं, पेशंटलाही आणि तुलाही. मूत्रवाहिनीला, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीला, बसलेला चटका बऱ्याचदा टेबलावर दिसत नाही, काही दिवसांनी योनीमार्गातून लघवी गळू लागते. आतड्याचंही तसंच. तोवर बाई गुहागरला घरी पोचलेली असते. पोट फुगलं, ताप आला तर थेट तुलाच फोन करायला सांग, आणि 'गॅस झाला असेल' म्हणून टाळू नकोस. गर्भाशयाच्या धमनीला कॉटरी (चटका देऊन रक्त थांबवणारं उपकरण) लावण्याआधी मूत्रवाहिनी हलताना बघ, तसं नोट्समध्ये लिही. संमती मराठीत, खुद्द तिच्याशी बोलून घे. तपासणीपुरत्या संमतीवर, जिवाला धोका नसताना गर्भाशय काढणं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये चूक ठरवलं, आईने होकार दिलेला असूनही. आणि हो, कुंभार्ली घाटापलीकडे कराडला एखाद्या युरॉलॉजिस्टशी आधीच बोलून ठेव.