काम विद्यापीठाचं, गाडी घरची, विमा कुणाचा?

परीक्षा, भरारी पथकं, शैक्षणिक सहली आणि स्थानिक चौकशी समित्यांचे दौरे सुरू झाले की महाविद्यालयांतून वाहनविम्याची पत्रं येऊ लागतात. त्यांतल्या निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : विद्यापीठाने मला बहिस्थ परीक्षक म्हणून शेजारच्या जिल्ह्यात नेमलं आहे. स्वतःच्या कारने जाणार, सोबत दोन सहकारी असतील. पॉलिसीवर ‘प्रायव्हेट कार’ असं लिहिलंय. टीए (प्रवासभत्ता) बिलात किलोमीटरचे पैसे मिळतात, म्हणजे गाडी भाड्याने लावली असं विमा कंपनी म्हणेल का?
— प्राध्यापक, सांगली

किलोमीटरचा दर म्हणजे तुमच्या खर्चाची भरपाई. त्याला भाडं म्हणत नाहीत. खासगी कारच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादांचं एक कलम असतं. भाड्याने प्रवासी नेणं, मालवाहतूक, शर्यत, वेगचाचणी आणि वाहनविक्रीचा धंदा अशा मोजक्या गोष्टी सोडून कोणत्याही कामासाठी गाडी वापरा, असं ते सांगतं. नोकरीच्या कामासाठी जाणं त्या यादीत नाही. म्हणून वेगळी व्यावसायिक पॉलिसी लागत नाही. नेमणुकीचं पत्र मात्र निघण्याआधी हातात हवं. अपघातानंतर मिळवलेल्या पत्राकडे संशयानेच पाहिलं जातं.

सहकाऱ्यांकडून ‘माणशी इतके’ घ्यायचं ठरलं तर भाड्याचा मुद्दा जिवंत होतो, ते टाळा. किलोमीटरचा दर एकानेच लावावा आणि बाकीच्यांनी बिलावर ‘अमुक यांच्या वाहनातून प्रवास’ असं लिहावं. एका गाडीत तिघे जाऊन तिघांनीही दर लावला तर लेखापरीक्षणात वसुली निघते.

मालवाहतुकीच्या अपवादाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. नमुने आणि वैयक्तिक सामान चालतं. मागची सीट पाडून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे काचेपर्यंत रचले, तर मालवाहतुकीचा आक्षेप घ्यायला सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याला, जागा मिळते. गठ्ठ्यांसाठी विद्यापीठाचं वाहन मागा.

आता पॉलिसी काढून तीन गोष्टी तपासा. पहिली, ती नुसती थर्ड पार्टी (दुसऱ्यांच्या नुकसानीपुरती) आहे की पॅकेज, म्हणजे आपण ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो ती. खासगी कारच्या नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत आत बसलेल्या सहकाऱ्यांची जोखीम येत नाही, पॅकेजमध्ये येते. दुसरी, तारखा. नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम 3 वर्षांचा घ्यावा लागतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा 1 वर्षाचाच असतो. पॉलिसीवरची लांबची तारीख पाहून लोक निर्धास्त राहतात आणि दुसऱ्या वर्षी बोनेट चेपलं की कळतं, तो भाग केव्हाच संपला होता. तिसरी, मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा. गाडी पत्नीच्या नावावर असेल आणि तुम्ही चालवत असाल, तर हे 15 लाख तुम्हाला लागू नाहीत. ते फक्त नोंदणीकृत मालकाला, तोही परवानाधारक असेल तरच मिळतात. तुमच्यासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या.

प्रश्न : महाविद्यालयाच्या कामासाठी जाताना माझ्या कारला अपघात झाला. बिल 49,000 आलं, विमा कंपनीने 35,800 दिले. उरलेले संस्थेने द्यायला नकोत का? आणि कंपनीने एवढी कपात का केली?
— ग्रंथपाल, लातूर

कपात नियमाला धरून आहे. तुमच्या बिलावरूनच मांडतो. जीएसटी इथे धरलेला नाही. गाडी सव्वाचार वर्षांची, 1,200 सीसीची, झिरो डेप (घसारा न कापण्याची जोडणी) नाही.

बंपर आणि हेडलाइट मिळून 14,000. प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर 50 टक्के घसारा, म्हणून 7,000 मंजूर. बोनेट आणि फेंडर 12,000. पत्र्याचा घसारा वयावर ठरतो आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला तो 35 टक्के, म्हणून 7,800. पुढची काच 6,000, काचेला घसारा नाही. मजुरी 9,000, तीही पूर्ण. रंगकाम 8,000, त्यातला 25 टक्के भाग रंगसाहित्याचा धरतात आणि त्यावर निम्मी कपात करतात, म्हणून 7,000. बेरीज 36,800. त्यातून 1,500 सीसीपर्यंतच्या कारला सक्तीची 1,000 ची वजावट. राहिले 35,800.

म्हणजे तुमच्या खिशातून 13,200 गेले. पण खरा फटका पुढे आहे. सलग चार वर्षं क्लेम नसल्याने तुम्हाला हप्त्यात 45 टक्के सूट मिळत होती, पुढच्या नूतनीकरणाला ती 50 झाली असती. आता ती शून्यावर येईल. नुकसान-भागाचा मूळ हप्ता 8,000 असेल तर 4,000 ऐवजी पूर्ण 8,000 भरावे लागतील आणि चढण पुन्हा 20 टक्क्यांपासून सुरू होईल. म्हणून दहा-बारा हजारांचं किरकोळ नुकसान असेल तर आधी हा हिशेब मांडा, मगच क्लेम टाका.

संस्थेने उरलेले पैसे द्यावेत का? प्रवास नियमांत किलोमीटरचा दर इंधन, झीज आणि विमा यांच्यासकट धरलेला असतो, त्यामुळे मागून मागणी केली तर लेखा विभाग ती फेटाळतो. आमच्या मते हे कर्मचाऱ्यावर अन्याय करणारं आहे, विशेषतः संस्थेकडे वाहन असूनही ते उपलब्ध नव्हतं तेव्हा. यावर उपाय आधीच करावा लागतो. दौऱ्याच्या मंजुरी टिपणीतच ‘विम्याने न दिलेली रक्कम, अमुक मर्यादेपर्यंत, संस्था सोसेल’ असं एक वाक्य घालून घ्या. व्यवस्थापन परिषदेने एकदा ठराव केला की दरवेळी मागणी करावी लागत नाही.

प्रश्न : चालक रजेवर असला की प्राचार्य शिपायाला किंवा लिपिकाला महाविद्यालयाची गाडी काढायला सांगतात. काही झालं तर जबाबदार कोण?
— कार्यालय अधीक्षक, नाशिक जिल्हा

नुकसानभरपाईसाठी दावा चालकासोबत गाडीच्या मालकावर, म्हणजे संस्थेवरही येतो. पॉलिसी चालकाचं पद पाहत नाही, अपघाताच्या क्षणी वैध परवाना होता की नाही एवढंच पाहते. परवाना नसेल तर कंपनी अपघातग्रस्ताला पैसे देते आणि मग तेच पैसे मालकाकडून वसूल करते. न्यायालयं तसाच आदेश देतात. मृत्यूच्या दाव्यात ही रक्कम पन्नास लाखांवर गेली तरी नवल नाही. शिवाय विनापरवाना माणसाच्या हाती गाडी दिल्याबद्दल मालकाला 5,000 रुपये दंड किंवा कैद होऊ शकते.

परवान्याची मुदत संपल्यावर 30 दिवसांची सवलत असते, असं अजून पुष्कळ जण मानतात. 2019 च्या दुरुस्तीने ती गेली. मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून चालवता येत नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधी वर्षभर करता येतो, म्हणून एका वहीत सगळ्यांच्या परवान्याच्या तारखा लिहा आणि दर तिमाहीला बघा.

कोणत्या वाहनाला कोणता परवाना? 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचा, म्हणजे एलएमव्ही परवाना असलेला माणूस 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाचं वाहतूक वाहनही चालवू शकतो. त्यामुळे सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर त्यात बसते. पन्नास आसनी बस बसत नाही. वजन आरसीवर छापलेलं असतं, अंदाजाने ठरवू नका.

संस्थेच्या नावावरच्या गाडीत एक मोठी पोकळी राहते. मालक ‘व्यक्ती’ नसल्याने मालक-चालकाचा 15 लाखांचा विमा मिळतच नाही. स्टिअरिंगवर बसलेला शिपाई उघड्यावर असतो. नूतनीकरणाच्या वेळी एजंटाला तीन जोडण्या नावानिशी सांगा (आयएमटी हे वाहनविम्यातल्या जोडण्यांचे क्रमांक): पगारी चालकाप्रति कायदेशीर जबाबदारी (आयएमटी 28), गाडीत बसणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांप्रति कायदेशीर जबाबदारी (आयएमटी 29) आणि चालकाचा वैयक्तिक अपघात विमा (आयएमटी 17). पहिल्या दोन्हींचा मूळ दर माणशी वर्षाला 50 रुपये आहे. एवढ्याशा रकमेसाठी हा रकाना कोरा सोडलेला पाहिला की वाईट वाटतं.

आणि तोंडी आदेशावर गाडी काढू नका. तारीख, वाहन क्रमांक, चालकाचं नाव, परवाना क्रमांक, कुठून कुठे, निघतानाचं मीटर रीडिंग ही एक ओळ लॉगबुकात आणि खाली प्राचार्यांची सही. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : अजिंठ्याच्या अभ्याससहलीसाठी ओळखीच्या माणसाने पांढऱ्या पाटीच्या दोन सात आसनी गाड्या स्वस्तात देऊ केल्या आहेत. पालकांचं संमतीपत्र घेतलं तर चालेल ना?
— सहल समन्वयक, पुणे

चालणार नाही, कृपा करून घेऊ नका. पांढरी पाटी म्हणजे खासगी वाहन. पैसे देऊन ते वापरलं की पॉलिसीतला भाड्याचा अपवाद थेट लागू होतो आणि विनापरमिट वाहतुकीबद्दल पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. संमतीपत्राने निष्काळजीपणाची जबाबदारी पुसली जात नाही, पालकांनी कितीही सह्या केल्या तरी.

गाडी ठरवताना क्रमांक आधी मागा आणि एमपरिवहन ॲपवर विमा, पासिंग आणि पीयूसी तपासा. परमिट बाहेरच्या जिल्ह्यात चालतं का, तेही बघा. सहलीच्या तारखेला सगळं वैध हवं, आज आहे एवढं पुरत नाही. आरसीवर 17 आसनं असताना 20 विद्यार्थी बसवले तर जादा माणशी 200 रुपये दंड होतो, पण खरी अडचण विम्याची आहे. कंपनीची जबाबदारी नोंदलेल्या आसनसंख्येपुरतीच असते.

चालकाचे तास हा मुद्दा सगळ्यात गंभीर. पुणे ते अजिंठा एका बाजूचे सुमारे 335 किलोमीटर. पहाटे पाचला निघून त्याच रात्री परत यायचं म्हटलं तर एकट्या चालकाचं चौदा तास चालवणं होतं. कायद्याने दिवसाला 8 तास काम आणि 5 तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली आहे. परतीच्या वाटेवर रात्री डुलकी लागते ती इथे. दुसरा चालक घ्या किंवा मुक्काम करा. एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते, आधी आगारात चौकशी करा. दर थोडा जास्त वाटेल, पण परमिट आणि पासिंगची काळजी मिटते.

विद्यापीठ विद्यार्थ्यांचा गट अपघात विमा काढत असेल, तर महाविद्यालयाने त्या वर्षीचा हप्ता खरोखर भरलाय का आणि सहलीतल्या प्रत्येकाचं नाव यादीत आहे का, हे निघण्याआधी पाहा. दुसऱ्या फेरीत प्रवेश घेतलेली मुलं त्यातून राहून जातात.

प्रश्न : कॉलेजची बस रविवारी लग्नाला दिली तर?
— संस्थाचालक, जळगाव जिल्हा

देऊ नका. कायद्यात शैक्षणिक संस्थेची बस म्हणजे केवळ विद्यार्थी आणि कर्मचारी नेण्यासाठीच वापरली जाणारी बस. 2022 च्या दरांत थर्ड पार्टी हप्त्यात तुम्हाला 15 टक्के सूट मिळते ती याच व्याख्येवर. फक्त डिझेलचे पैसे घेतले, हा बचाव टिकत नाही.

प्रश्न : दौऱ्यावर अपघात झालाच, तर कार्यालयाने नेमकं काय करायचं?
— मुख्य लिपिक, रत्नागिरी

आधी जखमी, मग कागद. 108 ला फोन करा. 2025 च्या केंद्राच्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्ताला मान्यताप्राप्त रुग्णालयात अपघातापासून 7 दिवस, दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळतात. दाखल करतानाच त्याबद्दल विचारा.

गाडी हलवण्याआधी चारही बाजूंचे, टायरच्या खुणांचे आणि दोन्ही गाड्यांच्या पाट्यांचे फोटो काढा. कुणी जखमी असेल तर पोलिसांना 24 तासांच्या आत कळवणं चालकाचं कर्तव्य आहे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवून क्लेम क्रमांक लिहून घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत गॅरेजवाल्याला एकही बोल्ट खोलू देऊ नका. इथेच पुष्कळ क्लेम अडकतात, कारण गॅरेज घाईने बंपर उतरवून ठेवतं आणि आतलं नुकसान याच अपघाताचं होतं हे दाखवता येत नाही. घटनास्थळी ‘चूक आमची’ असं लिहून देऊ नका आणि परस्पर तडजोड करू नका.

कार्यालयाच्या फाइलमध्ये दौऱ्याचा आदेश, लॉगबुकाच्या पानाची प्रत, परवाना, आरसी, पॉलिसी, पंचनामा आणि सर्व्हेअरचा अहवाल याच क्रमाने लावा. मूळ लॉगबुक पोलिसांनी नेलं तर पोच घ्या आणि त्याच दिवशी नवं सुरू करा.