याला रोज किती चालायला लावू?

सहकारनगरहून एक आई नववीतल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. "मॅडम, वजन फार वाढलंय याचं. रोज दहा हजार पावलं चाल म्हणून मागे लागते, पण हा ढिम्म हलत नाही." मुलगा ऐन मे महिन्यात जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसलेला.

त्याच्याशी एकट्याशी बोलले. चालण्याचा त्याला कंटाळा नव्हताच. पहाटे बाबांबरोबर तळजाईच्या टेकडीवर गेलं की कुणीतरी ओळखीचे काका हटकायचे, "काय, पोट कमी करायचंय वाटतं?" घरी आल्या आल्या वजनकाटा. काटा हलला नाही की दुसरी पोळी मागायची चोरी. ऐकून जीव कळवळला. एवढ्या पोराने रोज सकाळी शिक्षा भोगायला का उठावं?

आईंना आधी त्या दहा हजारांबद्दल सांगितलं. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याचं यंत्र याच नावाने विकलं गेलं, तिथून हा आकडा सगळीकडे पसरला. 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते, तीही थोडा दम लागेल अशी. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. शिवाय आठवड्यातून तीन दिवस धावणं, उड्या, चढणं असं काहीतरी. हा तास सलगच हवा असं नाही, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण तास तर मुळीच नको. दहा-पंधरा मिनिटांपासून वाढवत न्यावं. शिवाय या वयात उंची वाढत असते, त्यामुळे वजन आहे तिथेच राहिलं तरी पुष्कळदा फायदाच असतो. म्हणून काटा आधी माळ्यावर टाकायला लावला.

बेत मुलानेच ठरवला. क्लासहून येताना मित्राबरोबर दोन स्टॉप आधी उतरायचं, संध्याकाळी सोसायटीत बॅडमिंटन, रविवारी जमेल तशी पर्वतीची टेकडी चढायची. तळजाई बंद. बाबांना हे जरा जड गेलं.

जॅकेटचं कारण मात्र निघताना कळलं. मानेवरची कातडी काळी, जाडसर झाली होती. आई ती मळ समजून बेसनाने घासत होत्या. हा मळ नसतो. बहुतेकदा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते, म्हणून त्यांना त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मूल झोपेत जोरात घोरत असेल, किंवा जांघ वा गुडघा दुखून लंगडत असेल, तरीही चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. लंगडणाऱ्याला तर लगेच.