रीबिल्ड ३७ टक्क्यांवर अडकलंय, तर नवीन डिस्क आणायला पळू नका

मालक, आधी त्या व्हेंडरला फोन करून सांगा, आज येऊ नका म्हणून. बाकीचं मग बोलू.

तुमच्या लिहिण्यावरून मला कळलं ते असं. काकांचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसात एक सर्व्हर, त्यात चार टेराबाइटच्या चार डिस्क, रेड-५, म्हणजे एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून डेटा परत काढता येतो अशी मांडणी. स्लॉट २ ची डिस्क गेली, तुम्ही नवीन घातली, रीबिल्ड, म्हणजे बाकीच्यांवरून ती नव्याने भरणं, सुरू झालं आणि ३७ टक्क्यांवर बसलं. आता स्लॉट ० वर मीडिया एरर, म्हणजे डिस्कच्या पृष्ठभागावरच्या चुका, ४१ दिसतायत. टॅली रडतखडत का होईना, उघडतंय. आणि व्हेंडर म्हणतोय, "इनिशियलाइज मारू, सगळं हिरवं होईल."

हिरवं होईलच. आत काही नसलं की दिवे हिरवेच असतात. इनिशियलाइज म्हणजे पाटी कोरी करणं. फास्ट इनिशियलायझेशनमध्ये कंट्रोलर, म्हणजे डिस्क सांभाळणारं कार्ड, व्हॉल्यूमच्या (सगळ्या डिस्क मिळून दिसणाऱ्या एका ड्राइव्हच्या) सुरुवातीचा भाग शून्य करतो, आणि पार्टिशन टेबल, म्हणजे कोणता भाग कुठे आहे याची यादी, नेमकी तिथेच असते.

आता अडकलं का, ते बघू. रेड-५ म्हणजे वहीतली बेरीज समजा. तीन रकमा आणि एक बेरीज. एका रकमेवर चहा सांडला तरी बेरजेतून बाकीच्या दोन वजा करून ती काढता येते. पण दोन रकमा पुसल्या की मुनीमजी कितीही हुशार असला तरी उपयोग नाही. तुमच्याकडे स्लॉट २ गेलाय, आणि तो नव्याने लिहायला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. म्हणजे १२ टेराबाइट. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की १०^१४ बिट वाचण्यामागे एखादी न वाचता येणारी चूक धरून चला. १०^१४ बिट म्हणजे साधारण १२.५ टेराबाइट. प्रत्यक्षात बहुतेक डिस्क यापेक्षा बऱ्या निघतात, पण तुमची स्लॉट ० आधीच खोकतेय. वर्षानुवर्षं कोणी न उघडलेल्या कोपऱ्यातला खराब सेक्टर रीबिल्डच्या दिवशीच समोर येतो. तिथे काही कंट्रोलर थांबतात, काही तेवढ्या पट्टीची 'पंक्चर' म्हणून नोंद करून पुढे जातात. पंक्चर काढत नाहीत हां, नुसती खूण करतात. आणि ती खूण नंतर डिस्क बदलूनही जात नाही. ॲरे, म्हणजे चार डिस्कचा हा सगळा संच, मोडून नव्याने बांधावा लागतो.

म्हणून रीबिल्ड थांबवा. ॲरे डिग्रेडेड, म्हणजे एका डिस्कने लंगडा, असला तरी जिवंत आहे, तेवढ्यात डेटा बाहेर काढा. कामगारांच्या हजेरीपासून डिझाइनरपर्यंत सगळ्यांना सर्व्हरवरून उतरवा. यूएसबीची बाहेरची डिस्क लावा आणि क्रमाने घ्या: आधी टॅलीचा डेटा फोल्डर, मग डेटाबेसचा बॅकअप, मग जॅकार्डच्या डिझाइन फाइल. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग सगळ्यात शेवटी, नाही निघालं तरी चालेल. एखादी फाइल अडली तर तिच्याशी झटापट करू नका, सोडून पुढे जा. मग ती टॅली दुसऱ्या मशीनवर उघडून मार्चचं बॅलन्स बघा. कॉपी झाली असं मनाशी धरून चालणं वेगळं आणि उघडून बघणं वेगळं.

सर्व्हर रीस्टार्ट करू नका. खूप दिवस सलग फिरत असलेली म्हातारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नाही.

आणि कृपा करून जुनी स्लॉट २ ची डिस्क परत घालून 'फोर्स ऑनलाइन', म्हणजे जबरदस्तीने चालू, करू नका. ती डिस्क ज्या क्षणी बाहेर पडली तिथे तिचं घड्याळ थांबलंय. त्यानंतरच्या नोंदी बाकीच्या तिघींवर आहेत, तिच्यावर नाहीत. जुन्या आणि नव्या रकमांची बेरीज एकत्र केली तर आकडे येतात, पण खोटे.

हे सगळं मी एवढ्या जोरात सांगतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी असाच एका कारखान्यात गेलो होतो. मे महिना, दुपारचे तीन. सर्व्हर लूमच्या शेडला लागून असलेल्या खोलीत, कंट्रोलर किंचाळत होता आणि मालक चहाचा कप घेऊन पाठीमागे उभे. स्क्रीनवर लिहिलं होतं, स्लॉट २ फेल. मी डावीकडून दुसरी डिस्क धरली, खटका दाबला, ओढली. अर्धा सेकंद काहीच नाही. मग पंखे एकदम वाढले आणि स्क्रीनवर व्हॉल्यूम ऑफलाइन. मोजणी शून्यापासून होती. स्लॉट २ म्हणजे तिसरी डिस्क. मी धडधाकट डिस्क उपटली होती.

नशीब म्हणजे त्या क्षणी कोणी काही लिहीत नव्हतं. डिस्क परत घातली, ती 'फॉरेन', म्हणजे परकी, म्हणून दिसली. तिथे 'क्लिअर' आणि 'इम्पोर्ट' असे दोन पर्याय शेजारी-शेजारी असतात. क्लिअरने डिस्कवरची ॲरेची नोंद पुसली जाते, इम्पोर्टने डिस्क परत ॲरेत येते. मी दोन मिनिटं कीबोर्डवरून हात काढून बसलो, मग इम्पोर्ट केलं, आणि ॲरे उठला. मालकांना अजून माहीत नाही. त्या दिवसापासून प्रत्येक कॅरियरवर, म्हणजे डिस्क बसवायच्या चौकटीवर, सीरियल नंबर लिहून चिकटवतो, आणि ओढण्याआधी सॉफ्टवेअरमधून त्या डिस्कचा दिवा लुकलुकता करून बघतो.

बरं, डिस्क खरंच गेलीय का, हेही तपासायचं राहिलंय. कंट्रोलरच्या लॉगमध्ये दोन वेगळे आकडे असतात. मीडिया एरर वाढत असेल तर तबकडी खराब. 'अदर एरर' वाढत असेल तर बऱ्याचदा केबल, बॅकप्लेन (डिस्क जिच्यात खोचतात ती मागची पाटी) किंवा नीट न बसलेला कॅरियर. स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद. त्यात ५, १९७, १९८ हे आकडे पृष्ठभागाचे, १९९ हा केबलचा. नुसती केबल सैल म्हणून तीन चांगल्या डिस्क भंगारात गेलेल्या मी पाहिल्यात. पण स्मार्ट 'पास' म्हणतोय म्हणून निर्धास्तही राहू नका. गूगलने २००७ साली आपल्याच डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यात गेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर चार मुख्य स्मार्ट इशाऱ्यांपैकी एकही आला नव्हता. उलट पहिली स्कॅन एरर (डिस्क स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आली की पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट. तुमची स्लॉट ० या दुसऱ्या गटातली आहे.

नवीन डिस्कचं मॉडेलही बघा. स्वस्तातली डेस्कटॉप डिस्क असेल तर एका खराब सेक्टरवर ती बराच वेळ स्वतःशीच झगडत बसते. रेडसाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करतात आणि कंट्रोलर बाकीच्यांकडून माहिती काढून घेतो. डेस्कटॉपवाली गप्प बसली की कंट्रोलरला वाटतं ही मेली. त्यात ती एसएमआर तंत्राची, म्हणजे माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेली आणि म्हणून सलग लिहिताना मंदावणारी, निघाली तर रीबिल्डमध्ये घोंगडं भिजत पडतं.

आपल्याकडची हवा वेगळीच डोकेदुखी. उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर, आणि टॉवेलच्या शेडमधली रुई सर्व्हरच्या पुढच्या जाळीवर गोधडीसारखी जमते. दर पंधरा दिवसांनी जाळी काढून झटका, पण सर्व्हर चालू असताना समोरून ब्लोअर मारू नका, रुई आत जाते. लूमच्या भिंतीला टेकवलेला रॅक हलवा. ब्रेंडन ग्रेग नावाच्या इंजिनीअरने २००८ मध्ये डिस्कसमोर नुसतं ओरडून त्यांचा वेग पडतो हे दाखवलं होतं. तुमच्याकडे तर दिवसभर यंत्रमाग ओरडतायत.

कॉपी हातात आल्यावर माझं मत असं: हा ॲरे वाचवण्यात वेळ घालवू नका. स्लॉट ० काढा, दोन चांगल्या डिस्क आणा, शक्यतो चारही एकाच खेपेतल्या नकोत. रेड-१० करा, म्हणजे दोन-दोन डिस्कच्या जोड्या, जोडीतल्या दोघींवर एकच माहिती. जागा १२ वरून ८ टेराबाइट होईल, चालेल. रीबिल्डला एकाच जोडीदाराची डिस्क वाचावी लागते, १०० मेगाबाइटच्या वेगाने धरलं तर साधारण अकरा तास. मग पॅट्रोल रीड, म्हणजे कंट्रोलरने सगळ्या डिस्क आपणहून वाचून बघणं, दर आठवड्याला लावून ठेवा, म्हणजे कोपऱ्यातला खराब सेक्टर आधीच सापडेल. कंट्रोलरची बॅटरीही बघा. उष्म्यात ती लवकर फुगते, मग राइट कॅश (लिहायचं ते आधी पटकन ठेवून घेणारी मेमरी) बंद होते आणि लोक म्हणतात टॅली हळू झालं.

कॉपी करतानाच स्लॉट ० पूर्ण बसली तर ताबडतोब सर्व्हर बंद करा, काही दाबू नका. मग ती डिस्क साध्या पोर्टला लावून डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची नक्कल काढणाऱ्या सॉफ्टवेअरने तेवढ्याच क्षमतेच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवावी लागेल. ते काम वेगळं आहे, वेळ लागतो. तशी वेळ आली तर कंट्रोलरचा पूर्ण लॉग आणि चारही डिस्कचे सीरियल नंबर स्लॉटसकट इथे टाका. मोजणी शून्यापासून आहे की एकपासून, तेही लिहा.