वाचकांचे प्रश्न : प्रिंट काढून पीएचडी होते का?

प्रश्न : एमएफए झालंय, कोल्हापुरात एचिंग करते (धातूच्या प्लेटवर अॅसिडने रेघा कोरून छापे काढणं). ब्रिटनमध्ये स्वतःच्या कलाकामावर पीएचडी करता येते म्हणे, मग नुसतं प्रदर्शन भरवलं तर चालतं का? लिहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

उत्तर : ताई, लिहावं लागतंच, पण कमी. साध्या थिसिसला ८० हजार शब्द धरतात, इथे बऱ्याच ठिकाणी ३०-४० हजारांत भागतं आणि बाकीचं तुमचं काम बोलतं, परीक्षक ते बघून मगच व्हायवा (तोंडी परीक्षा) घेतात. ब्रिटिश कला-अभ्यासक ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३मध्ये कलेविषयी, कलेतून आणि कलेसाठी असे संशोधनाचे तीन प्रकार सांगितले, त्यातलं तुमचं ‘कलेतून’. म्हणजे आधी प्रश्न हवा, ज्याचं उत्तर प्लेटवर हात चालवल्याशिवाय मिळणारच नाही. फुलटाइम केलं तर तीन-चार वर्षं जातात.

आणि एक कराच, आजपासून वही ठेवा, प्लेट अॅसिडात किती मिनिटं होती, कुठली रेघ जास्त खाल्ली गेली, मग तुम्ही काय बदललं, सगळं तारखेसकट लिहा आणि फसलेले प्रूफ (चाचणीचे छापे) अजिबात फेकू नका, पुढे थिसिस लिहायला बसाल तेव्हा हेच हाताशी येतं, मग पोटात गोळाही येणार नाही.